रात्री दोनला उठणाऱ्या मुलाची खोली

मोठ्या माणसांची घरं आपण जपायला घेतो तेव्हा सगळ्यात आधी तिथली अडचण नाहीशी होते. भिंतींना नवा गिलावा होतो, फरशी चकचकीत होते, माणसांनी आणि सामानाने भरलेली खोली रिकामी होते. मग एका कोपऱ्यात लिहायचं मेज येतं, दुसऱ्या कोपऱ्यात अर्धपुतळा, भिंतीवर ओळीने फोटो आणि दारात दोरी. शाळेची सहल येते, रांगेने आत जाते, रांगेने बाहेर पडते. मुलांना नेत्याची जन्मतारीख कळते. या घरात तो कसा वाढला असेल, याचा मात्र त्यांना अंदाजही येत नाही.

मुंबईत हा प्रश्न आता टाळण्यासारखा राहिलेला नाही, कारण ज्या चाळींमध्ये या शहरातली मोठी माणसं वाढली त्या एकामागून एक पाडल्या जात आहेत. पाडल्या जाव्यात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याबद्दल पुढे लिहितो. पण पाडताना काय राखायचं आणि कसं राखायचं, हे ठरवायला हाताशी थोडाच वेळ आहे. मला हे विशेष करून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मुंबईतल्या घरांबद्दल म्हणायचं आहे.

बाबासाहेब जन्मले महूला, १४ एप्रिल १८९१ रोजी. बालपण दापोली आणि साताऱ्याला गेलं. सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले ते १९०४च्या सुमारास, आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत त्यांनी बिऱ्हाड मांडलं. आजूबाजूला सगळी गिरणी कामगारांची वस्ती. भीमराव आधी मराठा हायस्कूलमध्ये आणि मग एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकायला लागला. शाळा सरकारी होती, नावाजलेली होती, आणि तिथेही त्याला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं तेव्हा वर्गातली मुलं ओरडत धावली, कारण त्यांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते आणि ते बाटतील अशी त्यांना भीती होती. हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. खोलीबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

चरित्रकारांनी त्या खोलीचं जे वर्णन करून ठेवलं आहे ते वाचताना अंगावर येतं. तीच खोली स्वयंपाकाची, तीच निजायची, तीच अभ्यासाची. भांडीकुंडी, धूर, वर फळीवर जळण आणि शेण्या. उशाशी जातं आणि पायथ्याशी बांधलेली शेळी. सगळ्यांना एका वेळी पाय पसरून झोपता येईल एवढी जागाच नव्हती. म्हणून रामजींनी एक शिरस्ता घालून दिला. मुलाने लवकर झोपायचं. आपण रात्री दोनपर्यंत जागं राहायचं. दोन वाजता मुलाला उठवायचं आणि त्याने सोडलेल्या जागेवर आपण आडवं व्हायचं. मग मिणमिणत्या दिव्यापाशी बसून मुलगा पहाटेपर्यंत वाचत राहायचा. गिरणीतल्या पाळ्यांसारखी घरात झोपेची पाळी लागलेली होती.

ही पाळी समजल्याशिवाय पुढचं काही नीट समजत नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. आजच्या नव्वद-पंचाण्णव टक्क्यांच्या काळातल्या मुलासमोर हा आकडा नुसता ठेवला तर त्याला तो सामान्य वाटेल, आणि त्यात त्याची चूक नाही. त्या आकड्याशेजारी ती खोली हवी. उशाशी जातं असताना, धुराने डोळे चुरचुरत असताना, वडील पायाशी आडवे झालेले असताना मिळवलेले ते २८२ गुण आहेत. त्या यशाबद्दल सभा भरली, समाजसुधारक सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिलं. केळुसकरांना हा मुलगा भेटला कुठे? चर्नी रोडच्या बागेत. शाळा सुटली की तो तिथे वाचत बसायचा. बागेत बसायचा, कारण घरात बसायला जागा नव्हती. ज्या पुस्तकाने पुढे अर्ध्या शतकाने एवढं मोठं धर्मांतर घडायला हातभार लावला असेल, ते त्या मुलाच्या हाती येण्यामागे ही एक अगदी साधी अडचण आहे. घर दाखवायचं तर ही अडचण दाखवली पाहिजे.

गावदेवीला लॅबर्नम रोडवर मणिभवन आहे. रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्या या दुमजली घरात १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की उतरत. ४ जानेवारी १९३२ला भल्या पहाटे त्यांना अटक झाली तीही याच घराच्या गच्चीवरच्या तंबूतून. हे घर फार मायेने सांभाळलं आहे. दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली काचेपलीकडे जशीच्या तशी ठेवलेली आहे: पांढरी गादी, बसकं मेज, चरखे. मी कितीही वेळा तिथे गेलो तरी त्या काचेपाशी लोक आपोआप हळू बोलायला लागलेले दिसतात. खोलीतला मोकळेपणा काही न सांगता खूप काही सांगतो, कारण तो गांधीजींनी स्वतः निवडलेला मोकळेपणा होता. सधन स्नेह्याच्या प्रशस्त घरात राहून त्यांनी आपल्यापुरत्या मोजक्या वस्तू ठेवल्या. ती खोली तशी मोकळी दाखवण्यात सचोटी आहे.

आता हाच साचा उचलून चाळीतल्या खोलीला लावला तर काय होईल? आणि मला भीती याचीच वाटते, कारण स्मारकं उभारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हाच साचा असतो. डबक चाळीतली किंवा हे कुटुंब पुढे जिथे राहिलं त्या परळच्या बीआयटी चाळीतली खोली रिकामी करून, स्वच्छ रंगवून, मधोमध एक मेज आणि एक कंदील ठेवला, तर पाहणाऱ्याला तिथे एक साधेपणाने राहणारा विद्यार्थी दिसेल. साधेपणा हा गुण आहे; माणूस तो निवडतो. रामजी आणि भीमराव यांनी ती दाटी निवडली नव्हती. ती त्यांच्यावर लादलेली होती, जातीने आणि गरिबीने मिळून. लादलेल्या गोष्टीला निवडलेल्या गोष्टीचं रूप देणं म्हणजे इतिहास खोटा करणं. मेज दाखवून जातं वगळलं, कंदील दाखवून शेळी वगळली, तर ती खोली बाबासाहेबांची राहत नाही.

माणसं वगळली जातात हे तर त्याहून वाईट. आई भीमाबाई साताऱ्यालाच गेल्या तेव्हा भीमराव पाच-सहा वर्षांचा होता. पुढे पाठीने अधू असलेल्या आत्या मीराबाईंनी ही आईवेगळी पोरं सांभाळली. मंजुळा आणि तुळसा या बहिणी आपापल्या संसारात होत्या. मुलाने नवं पुस्तक मागितलं आणि रामजींच्या हातात पैसे नसले की ते लेकींच्या घरी जात. एका लेकीकडे उसने पैसे मिळाले तर ठीक, नाहीतर दुसरीकडून एखादा दागिना घेऊन सावकाराकडे गहाण टाकत, आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाबद्दल आपण सगळे अभिमानाने बोलतो. दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह त्यांनी पुस्तकांसाठी बांधलं हेही सांगतो. त्या संग्रहातली अगदी पहिली पुस्तकं बहिणींच्या दागिन्यांवर आलेली आहेत. या बाईमाणसांची नावं त्यांच्या घराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत असली पाहिजेत, कुठेतरी खालच्या माहितीफलकावर एका ओळीत नव्हेत.

परळच्या पोयबावडीतली बीआयटी चाळ क्रमांक १ ही पुढची जागा. ती बालपणाची नाही, पण घडण्याची नक्कीच आहे. या चाळींची जन्मकथाच मुंबईच्या दाटीतून आलेली. १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला, माणसं हजारोंनी गेली, तेव्हा कुठे सरकारला कळलं की गरिबांच्या घरात उजेड आणि वारा शिरला पाहिजे. १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने या चाळी बांधल्या. आंबेडकर कुटुंब १९१२च्या सुमारास इथे दुसऱ्या मजल्यावर राहायला आलं आणि १९३४पर्यंत, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या हेच त्यांचं घर होतं. कोलंबियाला जाणारा तरुण इथून निघाला. परत आलेला बॅरिस्टर इथेच राहिला. छत्रपती शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात कार्यकर्त्यांची ये-जा याच जिन्यावरून होती. रमाबाईंनी इथेच संसार ओढला आणि इथेच लेकरांची मरणं सोसली. १९२६ साली राजरत्न गेला.

चाळीची गॅलरी ज्याने कधी पाहिली नाही त्याला या इतिहासाची एक बाजू कळणं कठीण आहे. गॅलरीच्या एका टोकाला नळ, त्याच टोकाला संडास, प्रत्येक दाराबाहेर चपलांची रास, कठड्यावर वाळत घातलेले कपडे, आणि उघड्या दारांतून पलीकडच्या घरातलं बोलणं ऐकू येणं. इथे कोणाचंच आयुष्य खासगी नसतं. अशा गॅलरीत एक माणूस अर्थशास्त्र आणि घटनाशास्त्राची पुस्तकं वाचत बसतो आणि शेजारपाजारचे सगळे त्याला वाचताना बघतात. ते बघणं ही केवढी मोठी गोष्ट होती! परळ, नायगाव, वरळी, भायखळा या पट्ट्यातल्या दलित कामगारांच्या घराघरांत पोरांना शिकवायचं वेड पसरलं त्याला भाषणं आणि वर्तमानपत्रं कारण होतीच. शेजारी राहणारा, आपल्यासारखाच नळावर रांग लावणाऱ्या घरातला माणूस हेही कारण होतं. म्हणून नुसती खोली राखून भागत नाही. गॅलरी, जिना, नळ, शेजारची दारं हे सगळं मिळून ते घर आहे.

आता आपण खर्च कशावर करतो ते पाहू. लंडनला किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर राज्य सरकारने २०१५ साली विकत घेतलं. बाबासाहेब तिथे १९२१-२२च्या सुमारास भाडेकरू म्हणून राहिले होते. किंमत तीस कोटी रुपयांच्या वर गेली, शेजाऱ्यांनी हरकत घेतली, स्थानिक कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली, अपील झालं आणि २०२० साली परवानगी मिळाली. ही लढाई लढली ते उत्तम झालं. इंदू मिलच्या जागेवर चबुतऱ्यासह साडेचारशे फुटांचं स्मारक उभं राहत आहे. मध्य प्रदेशात महूला जन्मस्थानी भव्य वास्तू आहे. एवढं सगळं होत असताना किती मुंबईकरांना डबक चाळ हे नाव ठाऊक आहे? लोअर परळ स्टेशनवर रोज लाखो माणसं उतरतात, काचेच्या इमारतींमध्ये कामाला जातात. घटनेच्या शिल्पकाराने शाळकरी वयातल्या रात्री याच परिसरात जागून काढल्या, हे सांगणारी खूण त्यांच्या वाटेवर नसते.

भव्य स्मारकांच्या बाजूने एक फार वजनदार मुद्दा आहे आणि तो मला मान्य आहे. ज्या समाजाला शतकानुशतकं देवळाच्या पायरीपर्यंतही येऊ दिलं नाही, पाणवठ्याला हात लावू दिला नाही, त्याला आपल्या नेत्याचं स्मारक सगळ्यांत उंच हवं असतं आणि ते असायलाच हवं. एका जुन्या कार्यकर्त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं, ‘आमची गरिबी लोकांनी पुष्कळ बघितली, आता आमची उंची बघू द्या.’ यावर वाद घालायचा मला अधिकार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की उंची मोजायची तर जमीनही दिसली पाहिजे. इंदू मिलच्या स्मारकातला साडेतीनशे फुटांचा पुतळा पाहायला येणाऱ्या मुलाला तिथून थोड्याच अंतरावर ती खोली पाहता आली, तर त्याला दोन्हींचा अर्थ लागेल. आणि खोली दाखवण्यात गरिबीचं प्रदर्शन होत नाही, जर ती खोली ज्यांची आहे त्यांच्याच हातात तिचं सांगणं असेल. चाळीतले म्हातारे-कोतारे, त्यांच्या लेकीसुना, यांनी आपल्या तोंडाने सांगावं. मंत्रालयात बसून लिहिलेला माहितीफलक ते काम करू शकत नाही.

दुसरा मुद्दा चाळीत आज राहणाऱ्यांचा, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा. पाहुण्यांना इतिहास कळावा म्हणून कोणी शंभर वर्षांपूर्वीच्या खोलीत, सार्वजनिक संडासासमोर रांग लावत राहावं, ही अपेक्षा क्रूर आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींच्या २०७ इमारतींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोक १६० चौरस फुटांत राहिले. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा कितीतरी बायकांना आयुष्यात पहिल्यांदा घरात स्वतःचं न्हाणीघर मिळालं. या आनंदापुढे कोणतंही स्मारक दुय्यम आहे. परळच्या बीआयटी चाळीतल्या रहिवाशांनाही अशी घरं मिळायला हवीत, आणि लवकर. स्मारकाचं नाव पुढे करून पुनर्विकास अडवू नये. पुनर्विकासाचं नाव पुढे करून ५० आणि ५१ क्रमांकाचे ते दोन दरवाजे ढिगाऱ्यात घालू नयेत. नव्या इमारतीत एक मजला, किंवा जुन्या चाळीचा एक भाग, गॅलरी आणि जिन्यासह राखणं आजच्या स्थापत्यशास्त्राला अवघड नाही. अवघड आहे ते विकासकाबरोबरच्या करारात हे आधीच लिहून घेणं.

राजगृहाकडे पाहिलं तर एक गोष्ट शिकता येते. तिथे तळमजल्यावरच्या खोल्या लोकांना पाहता येतात आणि वर आंबेडकर कुटुंबीयांचं घर आहे. ६ डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून आलेली माणसं चैत्यभूमीवर माथा टेकवून, शिवाजी पार्कावर पुस्तकं घेऊन, पिशव्या सांभाळत राजगृहापर्यंत चालत येतात. एका वर्षी एक आजी आपल्या नातवाला दाराच्या उंबऱ्याला हात लावायला सांगत होत्या. पुस्तकांची पिशवी त्याच्या गळ्यात होती, तिच्या वजनाने तो वाकला होता, तरी त्याने खाली बसून नीट हात लावला. राहत्या घराला अशी माणसं जवळची वाटतात. कुलूपबंद दालनाला तो ओलावा नसतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की बाबासाहेबांच्या मुंबईतल्या खोल्या राखताना त्यांत अभ्यासिका करावी. परळ-लालबागच्या, नायगाव-शिवडीच्या मुलांना आजही घरात अभ्यासाला जागा नाही. दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या दिवसांत मुलं मैदानाच्या कडेला, जिन्याखाली, एखाद्या मंडळाच्या खोलीत वाचत बसलेली दिसतात. शंभर वर्षांहून जुनी अडचण तशीच उभी आहे. एक खोली जशीच्या तशी ठेवावी, जात्यासह, फळीवरच्या जळणासह, मंद दिव्यासह. आत आठ-दहा जणांनी दाटीने बसून पाहावी. काच नको, दोरी नको. तिच्या शेजारच्या खोल्यांत उजेड, पंखे, टेबलं, पाठ्यपुस्तकं असावीत. चाळीच्या मुलांना तिथे पहिला हक्क असावा. बाहेरून आलेल्या पाहुण्याला आधी ती दाटी दिसावी आणि मग पलीकडे खाली मान घालून वाचणारी मुलं दिसावीत.

आणि ती अभ्यासिका संध्याकाळी सहाला बंद करू नये. सरकारी वेळापत्रक तिला लावलं तर तिचा काहीच उपयोग नाही, कारण चाळीतल्या घरात निजानीज झाल्यावरच अभ्यासाला सुरुवात होते. ती रात्रभर उघडी हवी, मुलींनाही निर्धास्त बसता यावं म्हणून तिथे पगारी बाई रखवालदार हवी, स्वच्छतागृह हवं, दिव्याचं आणि पाण्याचं बिल महापालिकेने भरायला हवं. किल्ली चाळीतल्याच रहिवाशांच्या समितीकडे असावी, आणि त्या समितीत बायका निम्म्या असाव्यात. यातली प्रत्येक अट पुनर्विकासाच्या निविदेत, पहिला हातोडा पडायच्या आधी, कलम म्हणून घालता येते. परळच्या आमदारांनी आणि नगरसेवकांनी हे काम हाती घ्यावं, आणि ६ डिसेंबरला हार घालायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या पुढाऱ्याला चाळीतल्या लोकांनी हा एकच प्रश्न विचारावा: ते कलम घातलंत का?